लॅपटॉपचा हयातीचा दाखला

"अगं, लॅपटॉपची तार आलीय!"

२०२५ची दिवाळी आठवड्यावर आलेली. मी हिंजवडीहून सुटलेल्या कंपनीच्या बसमध्ये, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये नेहमीसारखी अडकलेली. आणि साताऱ्याहून बाबांचा हा फोन. बाबा म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर. त्यांच्या भाषेत 'तार आली' याचा अर्थ एकच, बातमी वाईट आहे.

"बाबा, स्क्रीनवर नक्की काय लिहिलंय ते वाचून दाखवा बघू."

त्यांनी एकेक शब्द सुटा करून वाचला. मजकूर असा, की विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला आणि तुमचा हा पीसी विंडोज ११च्या अटींत बसत नाही.

"दुकानात दाखवलात?"

"दाखवला ना. तिथला मुलगा म्हणाला, काका, यात आता काही राम नाही. भंगारात टाका आणि दिवाळी ऑफरमध्ये नवा घ्या. पंचावन्न हजार." मग जरा थांबून, "राहू दे गं. मोबाइलवर भागतं माझं. या वयात कशाला नवीन?"

मंडळी, पंचावन्न हजारांचं मला काही वाटलं नाही. खटकलं ते शेवटचं वाक्य. कारण बाबा गेली तीन वर्षं त्या लॅपटॉपवर पोस्टातल्या आठवणी लिहिताहेत. मनीऑर्डरची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या, पावसात भिजलेली टपालाची पिशवी, दहावीच्या निकालाच्या दिवसांतली गर्दी... १४० पानं झालीत. १४१वं पान मोबाइलवर अंगठ्याने लिहिलं जाणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

तर या आठवड्याचा विषय हा. कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी, गावी, आईच्या शिलाई मशीनशेजारी किंवा काकांच्या दुकानात असा एक लॅपटॉप नक्की आहे. आणि 'तू कॉम्प्युटरवाला ना, मग सांग काय करू?' हा फोन तुम्हालाही आला असणार!

सपोर्ट संपला म्हणजे काय झालं?

आधी टेन्शन कमी करू. सपोर्ट संपल्याने कॉम्प्युटर बंद पडत नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळी विंडोज १० तितकंच चालत होतं, जितकं १३ तारखेला. बंद झाले ते दर महिन्याला फुकट येणारे सिक्युरिटी पॅच.

असं समजा, की तुमच्या सोसायटीचा वॉचमन नोकरी सोडून गेला. लिफ्ट चालू, पाणी चालू, दिवे चालू. पहिल्या दिवशी कोणाला कळणारही नाही. पण चोरांच्या जगात बातमी फिरते, की या बिल्डिंगचं मागचं दार नीट लागत नाही आणि ते दुरुस्त करायला आता कोणी येणार नाही.

'आमच्या लॅपटॉपमध्ये चोरण्यासारखं काय आहे?' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. विंडोजमधली एक गंभीर त्रुटी बंद करणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्ये दिला होता. ज्यांनी तो टाकला नाही, त्यांना मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने गाठलं. फायली कुलूपबंद आणि खंडणी बिटकॉइनमध्ये! ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. जूनमध्ये त्याच त्रुटीचा वापर करणारा 'नॉटपेट्या' आला. त्याने जगभर हातपाय पसरले आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं कामकाज ठप्प केलं. त्या बंदराशी या व्हायरसचं काही वैर नव्हतं. असे व्हायरस माणूस बघून घुसत नाहीत, उघडं दार बघून घुसतात.

म्हणून 'काही होत नाही हो' म्हणत विनापॅच विंडोजवर नेटबँकिंग करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. पेन्शन ज्या खात्यात जमा होते, त्याच खात्याचा पासवर्ड त्या मशीनवर टाइप होतो, हे विसरू नका.

मग चिडायचं कशावर?

कंपनीची बाजूही ऐकून घेऊ. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ला. दहा वर्षं पॅच दिले. शेवटची तारीख लपवलेली नव्हती, सुरुवातीपासून कंपनीच्या कागदोपत्री होती. एक्सपी त्याहून जास्त टिकलं, २००१ ते एप्रिल २०१४. पण कधी तरी थांबावं लागणारच. वीस वर्षांपूर्वीचा कोड कोणीच जन्मभर सांभाळू शकत नाही. इथवर माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार पुढच्या पायरीवर आहे. आजवरचा फंडा असा होता, की जुनं विंडोज संपलं की नवीन टाका, मशीन थोडं कुरकुरेल पण चालेल. बाबांचा लॅपटॉप २०१६चा. घेतला तेव्हा कोणीही हेच सांगितलं असतं. त्याआधीच्याच वर्षी एका परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या एका माणसाने विंडोज १० हे शेवटचं विंडोज असल्याचं बोलूनही टाकलं होतं. मग जून २०२१मध्ये विंडोज ११ची घोषणा झाली आणि सोबत अटींची यादी आली. टीपीएम २.० हवं. इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा हवा. एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० आणि पुढचा.

टीपीएम म्हणजे मशीनमधली एक छोटी तिजोरी. डिस्क लॉक करणाऱ्या किल्ल्या तिच्यात राहतात, त्यामुळे त्या चोरणं अवघड होतं. कल्पना उत्तम आहे. पण गंमत बघा, बाबांच्या सहाव्या जनरेशनच्या आय-५मध्ये टीपीएम २.० आहे! बायोसमध्ये जाऊन मी स्वतः पाहिलं. तिजोरी आहे, कुलूप आहे, फक्त प्रोसेसरचं नाव यादीत नाही.

आणि यादी तरी किती काटेकोर? सातव्या जनरेशनचे बहुतेक प्रोसेसर नापास. पण मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सर्फेस स्टुडिओ २ ज्या सातव्या जनरेशनच्या चिपवर चालतो, ती चिप ऑगस्ट २०२१मध्ये यादीत अलगद जाऊन बसली. बोला आता!

कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३मध्ये अंदाज केला होता, की विंडोज १० संपल्यामुळे सुमारे २४ कोटी पीसी भंगाराच्या वाटेला लागू शकतात. ही काही २४ कोटी बिघडलेली मशीन नव्हेत. कीबोर्ड चालतो, स्क्रीन चालते, प्रोसेसर चालतो. त्यांच्याकडे फक्त हयातीचा दाखला नाही.

डब्यावर तारीख छापा ना राव!

दुधाच्या पिशवीवर तारीख असते. क्रोसिनच्या पट्टीवर असते. पंचावन्न हजारांच्या लॅपटॉपच्या खोक्यावर मात्र एमआरपी असते, वॉरंटी असते, प्रोसेसरचा चकचकीत स्टिकर असतो. हे मशीन कोणत्या सालापर्यंत सुरक्षित राहील, ते कुठेच नसतं.

आणि हे करता येत नाही असं अजिबात नाही. गुगलने ऑक्टोबर २०२३मध्ये पिक्सेल ८ आणला, तेव्हा सात वर्षांच्या अपडेटचं वचन जाहीरपणे दिलं. क्रोमबुकच्या प्रत्येक मॉडेलच्या अपडेट कधी थांबणार, याची तारीख आधीपासून कळते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून कायदाच आहे. घरात इंटरनेटला जोडायच्या वस्तू विकायच्या असतील, तर किमान किती काळ सिक्युरिटी अपडेट देणार ते सांगा. राउटर, टीव्ही, फोन, सगळ्यांना लागू. आणि त्या कायद्यातून कोण सुटलंय, माहितेय? लॅपटॉप आणि डेस्कटॉप! कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय.

माझं म्हणणं एवढंच आहे. कंपनीने सपोर्ट थांबवावा, तो तिचा हक्क. पण मी पैसे मोजतानाच मला ती तारीख सांगावी, तो माझा हक्क. बाबांना हे पटकन पटलं. म्हणाले, "जुलै २०१३मध्ये तार बंद केली, तेव्हा सुद्धा आधी जाहीर केलं होतं. लोक शेवटच्या दिवशी मुद्दाम रांगा लावून तारा करून आले."

साताऱ्यातलं ऑपरेशन

असो. भाषणं करून १४१वं पान लिहिलं जात नाही. वसुबारसेलाच घरी गेले. लॅपटॉप उघडला, चालू केला आणि आईने दिलेला चहा संपेपर्यंत डेस्कटॉप दिसायची वाट बघितली. खोटं नाही सांगत! चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. म्हणजे हा लॅपटॉप विंडोजच्या तारखेमुळे नव्हे, तर डिस्कमुळे आधीच रडतखडत चालला होता. डिस्क तपासणाऱ्या टूलने तर लाल इशाराच दिला. ती कधीही गचकली असती आणि १४० पानं तिच्यासोबत गेली असती. बॅकअप? "बॅकअप म्हणजे कुठलं बटण?" असा प्रश्न आला.

म्हणून पहिलं काम, सगळं पेनड्राइव्हवर आणि एका एक्स्टर्नल डिस्कवर. दोन ठिकाणी. त्याआधी स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही, हा माझा नियम.

मग शस्त्रक्रिया. स्क्रू आईच्या हळदीकुंकवाच्या वाटीत. आत पंख्यावर नऊ वर्षांची धूळ, अक्षरशः गादीच. ती काढली. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, मोकळ्या स्लॉटमध्ये आणखी चार जीबी रॅम. सगळा खर्च सहा हजारांच्या आत. बाबा शेजारी टॉर्च धरून उभे.

मला २००६ आठवलं. मी सहावीत. बाबा रजा टाकून मला पुण्याला घेऊन गेले होते, तपकीर गल्लीत. असेंबल्ड पीसी, २५६ एमबी रॅम, ८० जीबी डिस्क. मॉनिटर एसटीत मांडीवर घेऊन आलो. दुकानदाराने मार्करने 'एक्सपी' लिहिलेली एक सीडी वर फुकट दिली होती. ती ओरिजिनल आहे का, सपोर्ट कधीपर्यंत, असले प्रश्न तेव्हा कोणी विचारत नसे. पहिल्यांदा कॅबिनेट उघडलं तेव्हाही टॉर्च बाबांनीच धरला होता. "बिघडवशील," असं आई म्हणाली होती. "बिघडवल्याशिवाय शिकणार कशी?" असं बाबा.

आता प्रश्न होता, एसएसडीवर टाकायचं काय? तीन वाटा होत्या.

पहिली, विंडोज १० ठेवून एक वर्षाची मुदतवाढ घेणं. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचे पॅच जाहीर केले. तीस डॉलर भरा, किंवा रिवॉर्ड्सचे १,००० पॉइंट द्या, किंवा तुमच्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर सिंक करा म्हणजे फुकट. अकाउंट मात्र मायक्रोसॉफ्टचंच हवं. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तर सिंकची अट काढून टाकली. आपल्याकडे अट तशीच! पण हा आजचा प्रश्न एका वर्षाने पुढे ढकलण्याचा मार्ग.

दुसरी, जुगाड करून विंडोज ११ घुसवणं. होतं हे. माझ्या स्वतःच्या एका मशीनवर मी केलंय. पण यादीबाहेरच्या मशीनला पुढच्या अपडेट मिळतीलच असं कंपनी म्हणत नाही. माझं मशीन अडकलं तर मी रात्रभर जागीन. बाबांचं अडकलं तर ते पुन्हा दुकानातल्या त्या मुलाकडे जातील. म्हणून नको.

तिसरी, लिनक्स मिंट. नाव ऐकून घाबरू नका, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं टाइप करायचे दिवस गेले. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, फोल्डर तसेच. आणि झकास गोष्ट म्हणजे, ते इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. आम्ही तेच केलं. वायफाय लागलं, आवाज आला, बँकेची साइट फायरफॉक्समध्ये उघडली. पोस्टाच्या आठवणींची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली, मजकूर युनिकोडमधला असल्याने एक वेलांटी सुद्धा इकडची तिकडे नाही. रिटायर झाल्यावर क्लास लावून शिकलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड इथेही जसाच्या तसा.

सगळं गोड गोड होतं असंही नाही. जुन्या प्रिंटरने अर्धा दिवस खाल्ला. आणि ज्यांचं काम टॅलीवर किंवा फक्त विंडोजवर चालणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवर अडलंय, त्यांना मी मिंट सुचवणार नाही. पण लिहिणं, बँक, मेल, यूट्यूबवर कीर्तन आणि अमेरिकेतल्या दादाशी व्हिडिओ कॉल, एवढ्याला काहीही अडलं नाही.

बाबांचा एकच प्रश्न होता. "हे फुकट का देतात? फुकट देणाऱ्याची मला भीती वाटते."

रास्त शंका! मी म्हटलं, "आपल्या गावच्या वाचनालयासारखं आहे बाबा. काही जण देणगी देतात, काही जण रविवारी येऊन पुस्तकांना कव्हरं घालतात, आणि वाचतं सगळं गाव."

"मग देणगी कुठे पाठवायची?" पोस्टमास्तर ते पोस्टमास्तरच.

तुमच्या घरी काय कराल?

• आधी बॅकअप. दोन ठिकाणी. बाकी सगळं नंतर.

• प्रोसेसरची जनरेशन बघा. आठवी किंवा पुढची असेल, तर विंडोज ११ फुकट अपग्रेड होण्याची चांगली शक्यता आहे. कधी कधी टीपीएम बायोसमध्ये फक्त बंद असतं, ते चालू करा. 'नापास' म्हणून लगेच दुकान गाठू नका.

• फिरती हार्ड डिस्क असेल, तर नव्या लॅपटॉपचा विचार करण्याआधी एसएसडी टाकून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

• जुनी रॅम फेकू नका. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केल्यापासून, २०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायची घोषणा केली. तुमच्या खणातली ती हिरवी पट्टी कोणाच्या तरी कामाची आहे.

• मिंट टाकायचं असेल, तर आधी पेनड्राइव्हवरून आठवडाभर वापरून बघा. आवडलं तरच इन्स्टॉल करा.

• मशीन खरंच संपलं असेल, तर डिस्क पुसून अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. फोटो आणि पासवर्डांसकट भंगारवाल्याला देऊ नका.

आणि नवा घ्यायचाच असेल, तर जरूर घ्या, मजेत घ्या. फक्त दुकानदाराला एक प्रश्न विचारा, "याला अपडेट कधीपर्यंत मिळणार?" त्याला उत्तर येणार नाही. पण पन्नास जणांनी विचारलं, तर तो कंपनीच्या माणसाला विचारेल. सुरुवात अशीच होते.

जाता जाता

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आता तो मोबाइलसमोर चेहरा धरून घरबसल्या होतो. बाबांनी डोळे मिचकावले, काम झालं. लगेच मला फोन.

"झालं गं. सरकारच्या मते मी अजून आहे."

"आणि लॅपटॉप?"

"तोही आहे. बाई, तो आता माझ्या आधी तयार होऊन बसतो! बरं ऐक, १६३ पानं झाली. दिवाळीला तपकीर गल्लीचं प्रकरण लिहिलंय. तू मॉनिटर मांडीवर घेऊन झोपली होतीस ते घातलं तर चालेल ना?"

चालेल की बाबा. पळेल!